एक आकडा, चार फाइली

[दृश्य: इंदूर, सराफा. दागिन्यांच्या दुकानांची शटरं खाली येताहेत, पुढ्यात खाण्याच्या गाड्या लागताहेत. कट: रामबागेतली खोली, लॅपटॉपचा स्क्रीन.]

निवेदन:
आज आपल्या पायथन पॅकेजचं रिलीज आहे. व्हर्जनचा आकडा १.९.२ चा १.१०.० करायचाय.

हा आकडा चार ठिकाणी आहे: पायप्रोजेक्ट डॉट टॉमल, पॅकेजची इनिट फाइल, डॉक्युमेंटेशनची कॉन्फ आणि रीडमी. हाताने बदलताना एखादी हमखास राहते. मग पिप, म्हणजे पायथन पॅकेज इन्स्टॉल करणारं साधन, एक व्हर्जन सांगतं आणि प्रोग्राम दुसरं. पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारावर, एकदा चढलेली फाइल त्याच नावाने पुन्हा चढत नाही, म्हणजे चूक निस्तरायलाही नवा आकडाच लागतो.

म्हणून हे काम पायथनच्या एका स्क्रिप्टकडे; पण सरसकट फाइंड-रिप्लेस नको. डिपेंडन्सीच्या, म्हणजे पॅकेजला लागणाऱ्या लायब्ररींच्या, यादीत दुसऱ्याच लायब्ररीचं १.९.२ असू शकतं. म्हणून पॅटर्न ओळीच्या सुरुवातीपासून, 'व्हर्जन' या शब्दासकट. आणि रेगेक्समध्ये, म्हणजे असे पॅटर्न लिहायच्या भाषेत, टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, तेव्हा प्रत्येक टिंबाआधी बॅकस्लॅश.

[दृश्य: टर्मिनलवर लाल एरर.]

'इनव्हॅलिड ग्रुप रेफरन्स ११.' पॅटर्नमध्ये ग्रुप, म्हणजे कंसात पकडलेला तुकडा, तर एकच! तो तुकडा तसाच ठेवायला रिप्लेसमेंटमध्ये 'बॅकस्लॅश १' लिहिलं आणि त्याला चिकटून १.१०.० आलं; पायथनने दोन एक जोडून अकरा वाचले. इथे बॅकस्लॅश, जी आणि कोनी कंसात १ असं लिहायचं. नवं व्हर्जन २.४ असतं तर एरर 'ग्रुप १२'ची आली असती; खोड तीच.

बदल करायला पायथनच्या 'सब' फंक्शनऐवजी 'सबएन' वापरा. ते नव्या मजकुराबरोबर किती जागी बदल झाला तेही सांगतं. उत्तर १ नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं. सगळ्या फाइली आधी मेमरीत तपासायच्या, लिहायच्या नंतर; दोन बदलल्या नि दोन राहिल्या हा प्रकार सगळ्यात वाईट. रीडमी मराठीत आहे, म्हणून एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट द्यायचं, नाहीतर विंडोजवर गाडी वाचतानाच अडू शकते.

इनिट फाइल तर यादीतून काढताच येते. पायथन ३.८ पासून इम्पोर्टलिब डॉट मेटाडेटा इन्स्टॉल झालेल्या पॅकेजचं व्हर्जन सांगतं. फक्त एडिटेबल इन्स्टॉल, म्हणजे कोड आहे त्या फोल्डरमधूनच चालणारं, असेल तर पिप पुन्हा चालवेपर्यंत जुनंच दिसतं, आणि माणूस उगाच स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसतो.

[दृश्य: गिट डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी: जुन्या लाल, नव्या हिरव्या.]

उरल्या तीन फाइली. तीन ओळी लाल, तीन हिरव्या. चौथी दिसली तर कमिट नाही. कमिट झाल्यावरच टॅग.