रविवारचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

नवऱ्याच्या नोकरीमुळे २०१६ ते २०२३ अशी सात वर्षं मी हाँगकाँगला राहिले. तिथला पहिला रविवार मला अजून लख्ख आठवतो. आम्ही पलीकडच्या किनाऱ्यावरून स्टार फेरीने सेंट्रलला उतरलो. सेंट्रल म्हणजे आपलं फोर्ट आणि नरिमन पॉइंट एकत्र केल्यासारखा भाग, सगळ्या मोठ्या बँका तिथे. त्या बँकांच्या पायथ्याशी, पादचारी पुलांवर, जिन्यांखाली आणि दर रविवारी वाहनांना बंद असलेल्या चेटर रोडच्या मधोमध बायकाच बायका बसलेल्या. हजारोंनी. मला वाटलं, मोर्चा असावा. पण घोषणा नव्हत्या, झेंडे नव्हते. कुणी डबे उघडत होत्या, कुणी एकमेकींची नखं रंगवत होत्या, कुणी पत्ते पिसत होत्या. एक जण मैत्रिणीच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली होती.

जवळ गेल्यावर दिसलं, की प्रत्येक घोळक्याने खोक्यांचे पुठ्ठे खाली अंथरले आहेत आणि कडेने गुडघाभर उंचीच्या पुठ्ठ्याच्याच भिंती चिकटपट्टीने उभ्या केल्या आहेत. वर छप्पर नाही. आत जायला एका बाजूला फट सोडलेली, आणि त्या फटीबाहेर चपला-बूट ओळीने काढून ठेवलेले. फुटपाथवर बसायचं, तरी चपला बाहेर काढून. ती जागा त्यांच्या लेखी काय आहे, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

या बायका फिलिपीन्सच्या. हाँगकाँगमध्ये घरकामासाठी परदेशातून आलेले साडेतीन लाखांच्या आसपास कामगार आहेत. त्यांत बहुतेक सगळ्या बायकाच, आणि निम्म्याहून जास्त फिलिपिना. उरलेल्यांत मोठा वाटा इंडोनेशियाच्या बायकांचा. त्या रविवारी व्हिक्टोरिया पार्कात जमतात. ही ये-जा सुरू झाली सत्तरच्या दशकात. फिलिपीन्सचे तेव्हाचे अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या सरकारने १९७४ साली कामगार कायदा करून परदेशातल्या नोकऱ्यांना पद्धतशीर चालना दिली. इकडे हाँगकाँगच्या बायका कारखान्यांत, कचेऱ्यांत जाऊ लागल्या होत्या आणि त्यांच्या घरी मुलं सांभाळायला माणूस हवं होतं. १९८८ साली फिलिपीन्सच्या अध्यक्ष कोराझोन अकिनो हाँगकाँगला आल्या, तेव्हा त्यांनी या बायकांना ‘बागोंग बायानी’ म्हटलं, म्हणजे नवे वीर. हा गौरव मला कधीच पुरता पटला नाही. वीर म्हटलं, की त्याने सोसायचंच, असं आपण धरून चालतो.

आमच्याकडे घरकामाला आली ती फिलिपीन्सच्या उत्तर लुझॉनमधल्या इलोकोस भागातली. वय अडतीस, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गावी बालवाडीत शिकवायची. दोन मुली, धाकटी पाच वर्षांची. मला ती ‘मॅम’ म्हणायची. मी विचारलं, गावाकडे तुला सगळे काय म्हणतात? ती म्हणाली, ‘आते’. मी चकितच झाले. तागालोगमध्ये, म्हणजे फिलिपीन्सच्या मुख्य भाषेत, आते म्हणजे मोठी बहीण. आपल्याकडे आते म्हणजे आत्या. दोन्हीकडे मानाचंच नातं. त्या दिवसापासून ती आमची आते झाली.

पुढे भाजी निवडताना आम्हाला असे शब्द वेचायचा नादच लागला. त्यांच्याकडे ‘गुरो’ म्हणजे शिक्षक. ‘मुखा’ म्हणजे चेहरा. ‘आसा’ म्हणजे आशा. आणि ‘दुखा’ म्हणजे गरीब. आपल्या दुःखाचा समुद्रापलीकडे जाऊन झालेला हा अर्थ मला फार लागला. मी मुंबईची म्हटल्यावर ती हसून म्हणाली, ‘बुंबाय!’ तिच्या देशात सगळ्याच भारतीयांना बुंबाय म्हणतात, आपल्या मुंबईवरून. पण तिच्या गावात बुंबाय म्हणजे मोटरसायकलवरून वसुलीला येणारा पंजाबी सावकार. त्याच्या धंद्याचं नाव ‘फाइव्ह-सिक्स’: पाच घ्या, सहा परत करा. घरकामाची नोकरी मिळवून दिली म्हणून बाईकडून पैसे घ्यायला फिलिपीन्समध्ये बंदी आहे. तरी प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी अशा नावांखाली ते घेतले जातातच. आतेनेही भरले होते, कर्ज काढून. पहिले सात महिने तिचा निम्मा पगार ते फेडण्यात गेला.

आमच्या ओळखीच्या मराठी बायका तेव्हा फोनवर पहिलं हेच विचारायच्या, ‘काय गं, तुझी नवी मुलगी रुळली का?’ मुलगी! दोन लेकरांच्या आईला आम्ही मुलगी म्हणत होतो. मीही सांगायची, हो, रुळली. वॉशिंग मशीनची बटणं तिला कळली, आमच्या वरणाला हिंग किती लागतो ते कळलं, मुलाच्या शाळेची बस कुठे थांबते ते कळलं. माझ्या हिशेबात रुळणं म्हणजे एवढंच होतं.

तिच्या झोपायच्या जागेबद्दल सांगते. स्वयंपाकघराला लागून एक कोठी होती, वर शेल्फ, खाली मोकळी जागा. हाँगकाँगमध्ये घरं लहान, त्यामुळे ‘हेल्परची खोली’ म्हणून हीच दाखवतात. निदान दार तरी होतं. अनेकींना बैठकीच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात पथारी टाकावी लागते. एका रविवारी ती बाहेर गेलेली असताना नवी गादी आणावी म्हणून मी टेप घेऊन आत शिरले. लांबी भरली पाच फूट. आतेची उंची पाच फूट एक इंच. म्हणजे पाच महिने ही बाई आमच्या घरात गुडघे दुमडून झोपत होती, आणि मी लोकांना सांगत होते, रुळली. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण किती सहज बोलून जातो. नंतर एक कपाट हलवून आम्ही ती जागा दीड फुटाने वाढवली. ‘वाढवली’ म्हणतानाही मला अजून संकोच वाटतो.

तिला बाहेर खोली घेऊन राहता आलं नसतं का? नाही. २००३ पासून तिथे नियमच आहे, की घरकामगार बाईने मालकाच्या घरीच राहायचं. त्याच वर्षी सरकारने त्यांचा किमान पगार महिन्याला ४०० हाँगकाँग डॉलरनी कमी केला होता. २०२४ मध्ये तो ४,९९० डॉलर झाला, आपल्या पन्नास-पंचावन्न हजार रुपयांच्या घरात. तेवढ्यात तिथे बाहेर नीटशी खोलीही भाड्याने मिळत नाही. दुसरा नियम १९८७ सालचा. करार मोडला, तर साधारणपणे चौदा दिवसांत हाँगकाँग सोडायचं. डोक्यावर कर्ज असलेली बाई मालकाशी भांडण्यापूर्वी हे चौदा दिवस बोटांवर मोजते. आणि तिसरी गोष्ट. इतर परदेशी माणूस तिथे सात वर्षं सलग राहिला, की कायमच्या वास्तव्याचा हक्क मागू शकतो. माझा नवरा मागू शकत होता. आते नाही. १९८६ पासून तिथे काम करणाऱ्या एका फिलिपिना बाईने त्यासाठी खटला लढवला. २५ मार्च २०१३ ला तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो तिच्या विरोधात निकाली काढला. पंचवीसहून जास्त वर्षं ज्या शहरात काढली, तिथलं तिचं राहणं हे कायद्याच्या भाषेत ‘राहणं’ नव्हतंच.

खाण्याचंही तसंच. माझं माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे सुकट भाजली की शेजारी कशी दारं-खिडक्या लावून घेतात, हे मी मुंबईत अनुभवलेलं आहे. त्यांचे सुके मासे, ‘तुयो’ म्हणतात त्यांना, तेलात पडले की अगदी आपल्याच घरचा वास! तरीही दीड वर्ष आतेने आमच्या घरात तुयो तळला नाही. मी कधी नाही म्हटलं नव्हतं. पण आधीच्या घरच्या मालकिणीने एकदा नाकावर रुमाल धरला होता, तेवढं तिला पुरलं होतं. अखेर मीच एका दुपारी तुयो आणून तिच्यासमोर ठेवला. त्या दिवशी आम्ही दोघींनी ओट्याजवळ उभं राहून, हाताने, तुयो आणि भात खाल्ला.

आता एक खिडकीची गोष्ट. आम्ही एकविसाव्या मजल्यावर राहायचो. पहिल्या दिवाळीआधी मी तिला म्हटलं, काचा बाहेरूनही पूस. ती काही बोलली नाही. एका हाताने चौकट धरून, कमरेपर्यंत बाहेर झुकून तिने पुसल्या. मी मागे मुलाचा अभ्यास घेत होते. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही, हे आज मी तुम्हाला सगळ्यांना सांगतेय. पुढच्या रविवारी रात्री ती परत आली आणि म्हणाली, ‘मॅम, थोडं बोलायचं आहे.’ तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. खिडक्या पुसताना पडून त्या वर्षी काही जणींचा जीव गेला होता, आणि जानेवारी २०१७ पासून करारात नवं कलम येणार होतं: वरच्या मजल्यावरच्या खिडकीला कुलूपबंद जाळी नसेल, तर बाहेरून काच पुसायला सांगता येणार नाही. कागद पुढे करताना तिचा हात थरथरत होता, आवाज मात्र थरथरत नव्हता.

ते बळ तिने माझ्या घरात मिळवलेलं नव्हतं. ते तिला त्या पुठ्ठ्यावर मिळालं होतं. आपापल्या प्रांताप्रमाणे, गावाप्रमाणे तिथे जागा ठरलेल्या असतात. कोणत्या खांबाजवळ कुठल्या गावच्या बसतात, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. नवी बाई आली, की आधी तिला जेवायला वाढतात आणि मग शिकवायला घेतात. पासपोर्ट स्वतःजवळ ठेव. पगार घेतल्याशिवाय पावतीवर सही करू नकोस. म्हातारीला उचलताना कंबर अशी सांभाळ. चिनी घरात मासा वाफवायचा तर आलं किती, वेळ किती. बस-ट्रेनसाठी लागणाऱ्या ऑक्टोपस कार्डात पैसे कसे भरायचे. आणि कँटोनीज ही तिथली चिनी बोली, तीही सुरांसकट, कारण सूर चुकला की शब्दच बदलतो. ‘चोऊ सान’ म्हणजे सुप्रभात. ‘म्-गोई’ म्हणजे कृपया, आभार, जरा सरकता का, सगळंच. चिनी घरांतली मुलं या बायकांना ‘चे-चे’ म्हणतात, म्हणजे ताई. मोठी माणसं पाठीमागे काय म्हणतात, तो शब्द आतेने मला सांगितला, पण मी तो इथे उच्चारणार नाही.

मुलींशी बोलणं रोज रात्री नऊनंतर. राइस कुकरला फोन टेकवून ठेवायची आणि भांडी पुसता पुसता धाकटीचे पाढे म्हणून घ्यायची. माझ्या मुलाचा अभ्यास संपल्यावर तिच्या मुलीचा सुरू व्हायचा. तिच्या एका वयस्क मैत्रिणीने मला सांगितलं होतं, की ऐंशीच्या दशकात त्या घरी कॅसेट पाठवायच्या. संडासात बसून, नळ बंद करून, दबल्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या. मुलं त्या कॅसेट ऐकत झोपायची. आज रेडिओवर बोलताना मला त्या कॅसेटची आठवण येते आहे.

वर्षातून एकदा खोकं जायचं. बालिकबायान बॉक्स म्हणतात. मायदेशी परतणाऱ्याचं खोकं. ती त्याची सुरुवात उन्हाळ्यातच करायची: साबण, टूथपेस्ट, कॉर्न्ड बीफचे डबे, टॉवेल, चॉकलेटं. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत पेन्सिली, जराही जागा वाया जाऊ द्यायची नाही. धाकटीचे बूट घेताना ती पायाचं माप कागदावर काढून मागवायची आणि त्यात दोन बोटं वाढवायची, कारण खोकं समुद्रातून पोचेपर्यंत पाय वाढलेला असतो. शेवटी झाकणावर बसून, दाबून पट्टी लावायची. सप्टेंबर लागला, की त्यांच्याकडे नाताळचे वेध लागतात. तोवर खोकं निघायलाच हवं.

२०२२ च्या सुरुवातीला कोविडची मोठी लाट आली, जमायला बंदी झाली, दंड होऊ लागले. आतेने काही रविवार आमच्या घरात काढले. सुट्टी तिचीच होती, पण दर अर्ध्या तासाने तिला कुणी ना कुणी हाक मारायचं. मीही मारायची. ती कोठीचं दार लावून बसे, आणि दाराखालच्या फटीतून मला तिची सावली हललेली दिसे. त्या रविवारांत माझ्या लक्षात आलं, की सात दिवसांपैकी सहा दिवस ती पाहुणी होती, आणि सातव्या दिवशी ती घरी जात होती.

आम्ही हाँगकाँग सोडलं, त्याच्या आदल्या रविवारी तिने मला बोलावलं. बँकेच्या मोठ्या इमारतीचा तळमजला मोकळा आहे, तिथे, एका खांबाजवळ. मी फटीबाहेर चपला काढल्या आणि आत गेले. कुणाचा तरी वाढदिवस होता, म्हणून ‘पान्सित’ केलं होतं, लांब लांब शेवयांसारखं. दीर्घायुष्यासाठी खातात, शेवई तोडायची नाही. आते भिंतीला टेकून पाय सरळ पसरून बसली होती. मी तिला इतक्या वर्षांत तशी बसलेली पाहिलीच नव्हती.

संध्याकाळी हातगाडी ढकलत एक चिनी म्हातारी आली. तिथे पुष्कळ म्हाताऱ्या पुठ्ठा गोळा करून विकतात. ती थांबली आणि तिने विचारलं, ‘सिक चो फान मेई?’ जेवलात का? ‘सिक चो!’ जेवलो, असं एका सुरात सगळ्या म्हणाल्या. मग पट्ट्या सोडवल्या, भिंती खाली घेतल्या, पुठ्ठे एकावर एक रचून तिच्या गाडीवर चढवले. एका जणीने दोरी आवळून दिली. आतेने खाली सांडलेल्या दोन-चार शेवया बोटांनी टिपून घेतल्या.

मी चपला शोधू लागले. कुणीतरी त्या ओळीत नीट लावून ठेवल्या होत्या, आतेच्या चपलांशेजारी.

नमस्कार.