बहरीनचं ताट: गल्लीतल्या नाश्त्यापासून फाइन डायनिंगपर्यंत

[दृश्य: मनामा, सकाळ. बाब अल बहरीनच्या कमानीतून कॅमेरा सूकमधे शिरतो.]

राजधानी मनामातली ही कमान 1949 ची, बाब अल बहरीन, म्हणजे बहरीनचा दरवाजा. एकेकाळी समुद्र अगदी इथपर्यंत होता, आता भराव टाकून टाकून तो पार लांब गेलाय. कमानीच्या आत सूक, म्हणजे जुना बाजार, आणि सूकच्या मागच्या गल्लीत हाजीचं कॅफे, 1950 पासून सुरू. भिंतीवर जुने फोटो, गल्लीतच टाकलेली लाकडी बाकडी, आणि सकाळी सकाळी तिथं बँकेतला मॅनेजर, टॅक्सीवाला, थोब, म्हणजे पायघोळ अरबी झगा घातलेले आजोबा आणि कुणीतरी गोरा टूरिस्ट असे सगळे मांडीला मांडी लावून बसलेले असतात. वेटर मेनूकार्ड हातात देईपर्यंत शेजारचाच सांगतो काय घ्यायचं ते.

काय घ्यायचं? बलालीत घ्या. गोड शेवया, त्यात वेलची, केशर, गुलाबपाणी, आणि त्याच्यावर चक्क अंड्याचं ऑम्लेट. पहिल्यांदा बघणारा म्हणतो हे काय भलतंच, पण दोन घास खाल्ले की ते गोड-खारट डोक्यात बसतं. सोबत टोमॅटोत परतलेली अंडी, उकडलेले हरभरे, परतलेली कलेजी, आणि हातभर लांबीची गरम रोटी. दुधाचा चहा आलाच.

[दृश्य: खब्बाज, म्हणजे रोटीवाल्याचं दुकान. तंदूर क्लोजअपमधे.]

ही रोटी बघा जरा. गल्लीगल्लीत अशी छोटी दुकानं आहेत आणि बरीचशी इराणी पद्धतीची. पीठ गादीवर पसरायचं, गादीसकट हात तंदूरमधे घालायचा आणि भिंतीवर फटकन थापायचं. मिनिटभरात फुगते, लोखंडी सळीनं ओढून काढतात आणि गिऱ्हाईकाच्या हातात. काही जण त्यावर महियावा लावून मागतात. महियावा म्हणजे बारीक मासे मिठात घालून, बडीशेप, धने, मोहरी असले मसाले टाकून उन्हात मुरवलेली पातळ चटणी. वास असा की दुकानाच्या आधी दोन घरं कळतं. ज्यांच्या घरी पावसाळ्यात सुकट भाजली जाते त्यांना हा वास अजिबात परका वाटणार नाही, बाकीच्यांनी थोडं लांब उभं राहावं. समुद्रापलीकडून, इराणच्या किनाऱ्यावरून येऊन इथं स्थायिक झालेल्या कुटुंबांनी ही चीज आणली आणि आता ती बहरीनचीच झालीय.

आता थोडं मागं जाऊ, कारण हे ताट असं का झालं ते कळल्याशिवाय पुढची चकाचक हॉटेलं कळणार नाहीत.

बहरीन म्हणजे केवढं, तर मुंबईपेक्षा थोडासाच मोठा बेटांचा पुंजका. लोकसंख्या साधारण सोळा लाख, त्यातले निम्म्याहून जास्त बाहेरून आलेले. तेल सापडलं 1932 मधे, आखाताच्या अरब किनाऱ्यावर सगळ्यात आधी. पण त्याआधी शेकडो वर्षं इथला धंदा होता मोत्यांचा. उन्हाळ्यात बोटी निघायच्या, महिनोन् महिने समुद्रात, नाकाला चाप लावून माणसं तळाशी बुडी मारायची. ते मोती जायचे कुठं? मुंबईला. इथल्या व्यापाऱ्यांच्या मुंबईत पेढ्या होत्या, घरं होती, आणि परतीच्या गलबतातून यायचे तांदूळ, मसाले, चहा, कापड. बरं इथं चालायचा पण रुपयाच, 1965 मधे स्वतःचा दिनार येईपर्यंत. त्यामुळं इथल्या ताटात वेलची, हळद, बासमती, आंब्याचं लोणचं दिसलं तर ते कुणी इंडियन शेफ आला म्हणून नाही, ते दीड-दोनशे वर्षांच्या येण्याजाण्यातून आलंय.

[दृश्य: घरगुती स्वयंपाकघर. मोठ्या पातेल्यात मच्छबूस.]

मच्छबूस. बहरीनचा राष्ट्रीय पदार्थ म्हणा हवं तर. बिर्याणीचा भाऊ समजून खाल्लात तर फसाल, कारण इथं थर नाहीत, मसाल्याचा मारा नाही. चिकन किंवा मटण कांदा-टोमॅटो-आलं-लसूण आणि खड्या मसाल्यात शिजवायचं, मांस बाहेर काढून वेगळं भाजायचं, आणि उरलेल्या त्या पाण्यातच तांदूळ शिजवायचा, म्हणजे सगळी चव भातात. वरून गुलाबपाणी. पण खरा खेळ आहे लूमीचा. लूमी म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवलेलं लिंबू, बाहेरून भुरकट, आतून कोळशासारखं काळं, हातात घेतलं तर वजनच लागत नाही. त्याला भोकं पाडून पातेल्यात टाकतात. बिया आधी काढलेल्या बऱ्या, नाहीतर कडवट उतरतं, हे प्रत्येक घरातली बाई सांगते आणि प्रत्येक स्वस्त हॉटेल विसरतं. आंबट, धुरकट, थोडासा मातकट असा जो वास येतो ना, तो आला की समजायचं भात जमला. सोबत दक्कूस, म्हणजे टोमॅटो-लसणाची तिखट चटणी.

आणि माशाचं म्हणाल तर मोहम्मर. खजुराच्या काकवीत शिजवलेला गोडसर तपकिरी भात आणि त्याच्यावर तळलेला साफी मासा. गोड भात आणि मासा ऐकून नाक मुरडू नका, मोती काढणाऱ्या माणसांचं हे जेवण, दिवसभर पाण्यात राहिलेल्या अंगाला साखर लागायची. मनामाशेजारच्या मुहर्रक शहरात, जुन्या कैसरिया बाजारातल्या एका कॅफेत काचेच्या फरशीखाली जुना मदबसा दिसतो, मदबसा म्हणजे खजुराची पोती एकावर एक रचून त्यांच्याच वजनानं काकवी गाळायची खोली, जमिनीला पन्हळी काढलेल्या. वर लोक कॉफी पितायत, खाली ते. याच मुहर्रकच्या मोत्यांच्या वारशाला 2012 मधे युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली आणि मग जुन्या घरांमधे एकामागून एक कॅफे, छोटी रेस्टॉरंट उघडायला लागली. काही छान आहेत, काहींमधे फक्त इंटिरियर छान आहे.

[दृश्य: किंग फहद कॉजवे, संध्याकाळ. गाड्यांची रांग.]

हा पूल बघा. किंग फहद कॉजवे, 1986 मधे सुरू झाला, पंचवीस किलोमीटर, सौदी अरेबियाला जोडणारा. बहरीनच्या रेस्टॉरंट धंद्याबद्दल बोलायचं आणि पुलाबद्दल बोलायचं नाही असं होऊच शकत नाही. गुरुवारी संध्याकाळी पलीकडून गाड्या सुटतात त्या शनिवारपर्यंत. सौदीत कित्येक वर्षं सिनेमा थिएटर नव्हती, ती 2018 ला उघडली, हॉटेलात कुटुंबांचा आणि एकट्या पुरुषांचा भाग वेगळा असायचा, त्यामुळं पिक्चर बघायचा, सगळ्यांनी एकत्र बसून निवांत जेवायचं तर पूल ओलांडायचा. इथं दारू पण परवानाधारक ठिकाणी मिळते, तोही एक भाग आहेच, लपवायचं कशाला. म्हणजे झालं काय की एवढ्याशा देशाला त्याच्या मानानं खूप मोठं गिऱ्हाईक मिळालं, आणि तेही दर आठवड्याला परत येणारं. एकदाच येऊन फोटो काढून जाणाऱ्या टूरिस्टला काहीही खपवता येतं, दर गुरुवारी येणाऱ्या कुटुंबाला नाही. मला विचाराल तर इथलं जेवण दुबईपेक्षा कमी भपकेबाज आणि जास्त भरवशाचं आहे त्याचं मोठं कारण हेच.

मनामातला अद्लिया हा त्यातला गाजलेला भाग. ब्लॉक 338 म्हणतात, गल्ल्या चालण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या, भिंतीवर चित्रं, आर्ट गॅलरी, आणि जुन्या बंगल्यांमधे रेस्टॉरंट. जपानी, इटालियन, लेबनीज, फ्रेंच धाटणीचे कॅफे, सगळं दहा मिनिटांच्या चालण्यात. पुढं बहरीन बेच्या बाजूला फोर सीझन्स हॉटेलमधे वोल्फगँग पक या अमेरिकेतल्या नामांकित शेफचं ‘कट’ नावाचं स्टेकहाउस आहे. मार्च-एप्रिलच्या आसपास फॉर्म्युला वनवाले आले की, 2004 पासून रेस इथं होतेय, कुठंच टेबल मिळत नाही.

पण बरीच वर्षं एक गंमत होती. महागातलं महाग जेवायचं म्हणजे स्टेक किंवा सुशी किंवा पास्ता. बहरीनी जेवण? ते घरी असतं की, त्याला पैसे कोण देणार! आपल्याकडं पण हेच होतं, पिठलं-भाकरीला कोण कापडी नॅपकिन देतंय.

[दृश्य: गल्फ हॉटेलची इमारत, मग किचनमधे प्लेटिंग.]

हे बदलायला लागलं त्यात एक नाव येतंच, ताला बश्मी. बाई आधी बहरीनच्या राष्ट्रीय महिला फुटबॉल टीममधून खेळायच्या, मग स्वित्झर्लंडमधे शिक्षण, मग मनामाच्या गल्फ हॉटेलमधे फ्यूजन्स बाय ताला. 2022 मधे मिडल ईस्ट आणि नॉर्थ आफ्रिकेच्या 50 बेस्ट रेस्टॉरंटची यादी पहिल्यांदाच निघाली, त्यात हे रेस्टॉरंट होतं आणि त्या भागातली सर्वोत्तम महिला शेफ हा पहिलावहिला किताब ताला बश्मींना मिळाला. त्यांनी केलं काय तर लूमी, केशर, खजूर, आखातातला मासा, आजीच्या हातच्या चवी घेतल्या आणि त्या नव्या तंत्रानं, नव्या रूपात टेबलवर मांडल्या. बहरीनी माणूस बहरीनी चवीसाठी ठेवणीतले कपडे घालून, आधी बुकिंग करून जायला लागला. पैसेवाल्या शेजाऱ्यांसारखं परदेशी शेफचं नाव विकत आणून हे झालं नसतं.

अर्थात किताब शेफला मिळतो, पातेली कुणीतरी दुसराच उचलत असतो. इथल्या बहुतेक किचनमधे गेलात तर केरळचे, बंगालचे, बांगलादेशचे, नेपाळचे, फिलिपिन्सचे लोक दिसतील. मच्छबूस ढवळणारा हात कोझिकोडचा असतो आणि तो इतकी वर्षं ढवळतोय की घरच्या बाईनं पण नावं ठेवू नयेत. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि तंदूरपाशी किती असेल विचार करा. सर्व्हिसचं कौतुक करताना हे लोक फ्रेममधे यायलाच पाहिजेत, म्हणून आपण कॅमेरा इथं जरा जास्त वेळ ठेवलाय.

[दृश्य: मनामा सूक, लिटल इंडिया. हाराची दुकानं, श्रीनाथजी मंदिराची गल्ली.]

हेच लोक सुट्टीच्या दिवशी जेवायला इकडं येतात. सूकच्या या भागाला आता लिटल इंडियाच म्हणतात. श्रीनाथजींचं मंदिर दोनशे वर्षांहून जुनं, सिंधमधल्या ठट्ट्याहून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेलं. आजूबाजूला फुलवाले, फरसाण, शुद्ध शाकाहारी थाळी, डोसा. मराठी माणसं पण इथं बरीच आहेत, गणपतीत मोदकाचं सामान याच दुकानांतून जातं, आणि वडापाव मिळतो, पण पावाबद्दल न बोललेलंच बरं.

आणि कडक. कडक चहा, वेलची घालून आटवलेला, गाडीत बसूनच हॉर्न द्यायचा, मुलगा पळत येतो, ऑर्डर घेतो, कागदी कप खिडकीतून आत. शंभर-दोनशे फिल्समधे काम होतं, हजार फिल्सचा एक दिनार. मर्सिडीजवाला आणि डिलिव्हरीवाला एकाच टपरीसमोर.

[दृश्य: कोळशावर सळया. मग दल्ला, फिंजान.]

संध्याकाळी बहरीनी टिक्का खा, लूमीच्या भुकटीत मुरवलेले मांसाचे बारीक तुकडे, काळपट दिसतात, कोळशावर भाजून रोटी-कांद्यासोबत. गोडाला मुहर्रकच्या शुवैतर घराण्याचा हलवा, केशर-वेलची-तूप-सुकामेवा घालून तासन् तास घोटलेला, लाल चकचकीत आणि लवचिक, पिढ्यान् पिढ्या हेच करतायत. त्याच्याबरोबर गहवा, म्हणजे अरबी कॉफी. वाढणारा दल्ला, म्हणजे कॉफीची किटली, डाव्या हातात धरतो, फिंजान, म्हणजे बिनकानाचा छोटा कप, उजव्या हातानं देतो, तुम्हीपण उजव्या हातानंच घ्यायचा. कप अर्धासुद्धा भरत नाहीत, तो कंजूषपणा नाही, भरून दिला तर उलट पाहुण्याला लवकर कटवल्यासारखं होतं. बास झालं तर फिंजान जरा हलवायचा, नाहीतर तो ओततच राहील.

रमजानमधे आलात तर एक लक्षात ठेवा. दिवसा बहुतेक रेस्टॉरंट बंद, आणि खरी मजा सुरू होते रात्री. इफ्तार आणि सहरीच्या मधे गबगा नावाचं जेवण असतं, ऑफिसवाले, नातेवाईक, मित्रमंडळी सगळे रात्री अकरा-बारापर्यंत जमतात, हॉटेलांमधे मोठमोठे तंबू लागतात, कंपन्या आपल्या स्टाफला बोलावतात. बुकिंग आधी करा. आणि ज्या बहरीनी मित्रानं घरच्या गबग्याला बोलावलंय त्याला हॉटेलचं कारण देऊन नाही म्हणू नका, हॉटेल दुसऱ्या दिवशी पण असतं.