मध्यरात्री धुतलेल्या जखमा

(दृश्य: डोंगराच्या पायथ्याशी पसरलेले दगडी अवशेष. पहाटेचा उजेड.)

उत्तर ग्रीसमधलं हे फिलिप्पै. मॅसेडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने इसवी सनापूर्वी ३५६ मध्ये या नगराला आपलं नाव दिलं. पुढे इथे रोमन वसाहत झाली. व्हिया इग्नाशिया हा रोमन राजमार्ग नगराच्या मधूनच जायचा. २०१६ मध्ये युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं.

आपण मात्र इथे आलो आहोत ते एका रात्रीसाठी.

(दृश्य: बाजारचौकाची मोकळी फरसबंदी.)

साधारण इसवी सन ५०. याच चौकात येशूची सुवार्ता सांगत फिरणाऱ्या पौल आणि सीला यांचे कपडे फाडून त्यांना छड्यांनी बेदम मारलं. गुन्हा काय, तर एका दासीतला भविष्य सांगणारा आत्मा पौलाने काढून टाकला आणि तिच्या धन्यांची कमाई बुडाली. अधिकाऱ्यांनी तुरुंगाच्या नायकाला बजावलं, यांना बंदोबस्तात ठेव. त्याने दोघांना अगदी आतल्या कोठडीत ढकललं, त्यांचे पाय खोड्यात अडकवले, आणि तो जाऊन झोपला.

त्यांच्या पाठीवरच्या जखमा तेव्हाही उघड्याच होत्या. नायकाच्या डोळ्यांसमोरच होत्या. त्याने त्यांना पाणीसुद्धा लावलं नाही. एवढं लक्षात असू द्या.

(दृश्य: काळोख. फक्त आवाज: पाण्याचे थेंब, साखळीचा खळखळाट.)

मध्यरात्र. आतल्या कोठडीतून गाण्याचा आवाज येतो. पौल आणि सीला प्रार्थना करत आहेत, देवाची स्तुती गात आहेत, आणि बाकीचे कैदी कान देऊन ऐकत आहेत. सुटकेची काहीही चिन्हं नाहीत, तरी तोंडी स्तुती आहे. तारणाचा, म्हणजे देवाने पापातून सोडवल्याचा, आनंद म्हणतात तो हाच. सुटका झाल्यावर कोणीही गाईल. या दोघांचं गाणं भूकंपाच्या आधीचं आहे.

मग धरणी हादरते. दारं उघडतात, सगळ्यांच्या बेड्या गळून पडतात. नायक दचकून उठतो, उघडी दारं पाहतो आणि थेट तलवार उपसतो. कैदी पळाले तर रोमन पहारेकऱ्याला जिवानिशी किंमत मोजावी लागे. तेवढ्यात अंधारातून पौल मोठ्याने ओरडतो: स्वतःला इजा करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत!

ज्याने खोड्यात घातलं त्याचाच जीव वाचवायला खोड्यातला माणूस धावला. ही गोष्ट कितीदा वाचली, तरी या ओळीपाशी माझा आवाज जड होतो.

(दृश्य: हातात धरलेला दिवा, थरथरणारी ज्योत.)

दिवा मागवून नायक आत धाव घेतो आणि कापत कापत त्यांच्या पाया पडतो. "महाराज, माझं तारण व्हावं म्हणून मी काय करावं?" उत्तर एका वाक्याचं मिळतं: प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तुझं आणि तुझ्या घराण्याचं तारण होईल. त्याने विचारलं होतं, काय करू? त्याला काही करायला सांगितलंच नाही. जे करायचं ते ख्रिस्ताने वधस्तंभावर करून ठेवलं होतं.

आणि तरीही तो करायला लागतो! रात्रीच्या त्याच घटकेला तो त्यांना जवळ घेतो आणि त्यांच्या जखमा धुतो. कोणी सांगितलेलं नाही. खोड्याचा अडसर लावणारे हात तेच, आता त्यात पाण्याचं भांडं आहे. ज्या जखमा संध्याकाळी त्याला दिसूनही दिसल्या नव्हत्या, त्या आता दिसतात. मग त्याचा आणि घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा होतो. तो दोघांना घरी नेतो, पुढ्यात जेवण वाढतो, आणि सगळ्या घरादारासह आनंद करतो.

बायबलच्या नव्या करारातल्या ग्रीक भाषेत आनंदाला 'खारा' म्हणतात, कृपेला 'खारिस' आणि उपकारस्तुतीला 'युखारिस्तिया'. तिन्ही शब्द एकाच धातूतले. त्या रात्री त्या घरात हे तिन्ही एका पाठोपाठ एक येऊन गेले: आधी कृपा, मग पाण्याचं भांडं आणि जेवणाचं ताट, मग आनंद.

(दृश्य: पुन्हा अवशेष. ऊन वर चढलेलं.)

सकाळी अधिकाऱ्यांनी कैद्यांना सोडायचा हुकूम दिला. जाण्याआधी पौल आणि सीला लुदियाच्या घरी गेले. जांभळी वस्त्रं विकणाऱ्या या बाईने त्यांना आधीच आपल्या घरी उतरवून घेतलं होतं. तिथे त्यांनी बंधुजनांना धीर दिला आणि ते वाटेला लागले.

काही वर्षांनी पौलाने फिलिप्पैमधल्या याच विश्वासणाऱ्यांच्या मंडळीला पत्र लिहिलं, तेही पुन्हा बंदिवासातूनच. जेमतेम चार अध्याय, पण आनंद आणि आनंद करणं हे शब्द त्यात सोळा वेळा येतात. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा."

नायकाचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. पण ते पत्र मंडळीत वाचलं जात असताना तो मागे कुठेतरी बसलेला मला नेहमी दिसतो. बेड्यांतल्या माणसाने 'आनंद करा' म्हणावं याचं बाकीच्यांना नवल वाटत असेल. त्याने तो आवाज मध्यरात्री ऐकलेला होता.