सेहेचाळिसावी रांग

पहाटेचे साडेपाच वाजत आले आहेत आणि पडद्याच्या उजव्या बाजूला जो तिरका कातळ दिसतो आहे, त्याच्या माथ्यावर पहिला उजेड पडला आहे. एखाद्या जहाजासारखा त्याचा आकार असल्याने त्याला शिप रॉक म्हणतात. डाव्या हाताचा कातळ म्हणजे क्रिएशन रॉक. दोन्हींची उंची ३०० फुटांहून अधिक आहे आणि त्यांच्या बेचक्यात, उतारावर, ७० रांगांचे एक खुले प्रेक्षागृह पूर्वेकडे तोंड करून बसले आहे. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातले, डेन्व्हर शहराच्या पश्चिमेला साधारण १६ किलोमीटरवर असलेले हे रेड रॉक्स. समुद्रसपाटीपासूनची उंची ६,४५० फूट. या पहिल्या दृश्यात कॅमेरा किंचित हलतो, तो वाऱ्यामुळे नव्हे. कॅमेरा धरणाऱ्याला पायऱ्या चढून धाप लागली होती.

ज्या बँडची गाणी मी बावीस वर्षे, आधी कॅसेटवर, मग सीडीवर आणि पुढे मोबाइलवर ऐकत आलो, तो बँड त्या रात्री येथे वाजवणार होता. याआधी दोनदा तिकीट काढूनही योग आला नव्हता. एकदा दौराच रद्द झाला आणि एकदा मी तापाने अंथरुणाला खिळलो. या वेळचे तिकीट सेहेचाळिसाव्या रांगेचे होते. प्रत्यक्ष कार्यक्रमाचे चित्रीकरण करण्याची परवानगी मात्र आम्हाला मिळाली नाही, त्यामुळे बँडचे नाव आणि त्याचे संगीत या माहितीपटात नाही. जे आहे ते त्या दिवसाच्या उजेडात टिपलेले आहे.

जवळून पाहिले म्हणजे हा खडक एकसंध नाही, हे लक्षात येते. तांबड्या वाळूत अडकलेले हरभऱ्याएवढे, कुठे सुपारीएवढे गोटे हाताला लागतात. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी येथे आजच्या रॉकी पर्वताच्याही आधीची एक पर्वतरांग होती; ती झिजली, तिचा गाळ ओढ्यांनी पायथ्याशी आणून टाकला आणि त्या गाळाचाच पुढे दगड झाला. लोहाच्या ऑक्साइडमुळे त्याला हा रंग आला. नंतर आजचे रॉकी पर्वत वर उचलले गेले तेव्हा हे आडवे थर कलंडले आणि त्यांचे असे तिरके सुळके उरले. निसर्गाचे काम येथे संपते, आणि या जागेची तारीफ करणारे बहुतेक लोकही येथेच थांबतात. आम्हाला मात्र पुढचे काम अधिक मोलाचे वाटले.

विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन ब्रिस्बेन वॉकर नावाच्या उद्योजकाकडे ही जमीन होती आणि १९०६ ते १९१० या काळात त्याने कातळांमध्ये तात्पुरता मंच उभारून संगीताचे कार्यक्रम केले होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस डेन्व्हर शहराने ही जागा ५४,१३३ डॉलरना विकत घेतली. शहराच्या उद्यान विभागाचे प्रमुख जॉर्ज क्रॅनमर यांनी येथे कायमचे प्रेक्षागृह व्हावे असा ध्यास घेतला, महापौर बेंजामिन स्टेपल्टन यांना ते पटवून दिले आणि आराखड्याचे काम बर्नम हॉइट या वास्तुविशारदाकडे गेले. काय बांधायचे यापेक्षा काय बांधायचे नाही, हे हॉइट यांनी आधी ठरवले असावे, असे ही वास्तू पाहताना वाटत राहते. कमानी नाहीत, खांबांच्या ओळी नाहीत, कोरीव काम नाही. आहेत त्या फक्त उताराच्या वळणाबरोबर वळत गेलेल्या रांगा, दोन्ही कडांना ज्युनिपरची झाडे लावलेले दगडी वाफे आणि तळाशी रंगमंच. समोर आणि बाजूंना जे भव्य दिसते, ते सगळे आधीपासूनच तेथे होते.

१९३६ मध्ये काम सुरू झाले. महामंदीचा तो काळ होता आणि मजूर आले ते बेरोजगार तरुणांसाठी काढलेल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी योजनेतून. पलीकडे मॉरिसन गावाजवळ या मुलांची छावणी होती आणि तिच्यातल्या लाकडी बराकी आजही उभ्या आहेत. पडद्यावर आता दिसत आहेत त्या याच. महिन्याला ३० डॉलर मजुरी होती, त्यातले साधारण २५ डॉलर परस्पर घरी पाठवले जात आणि मुलाच्या हाती ५ डॉलर उरत. कोणी अठरा वर्षांचा, कोणी वीस. उताराच्या मधोमध पडलेले प्रचंड दगड त्यांनी सुरुंग लावून फोडले, राडारोडा उपसला, कुदळ-फावड्याने माती काढून उतार सारखा केला आणि मग रांगांमागून रांगा बसवल्या. १५ जून १९४१ रोजी या प्रेक्षागृहाचे उद्घाटन झाले. मी त्या बँडचे पहिले गाणे ऐकले तेव्हा मीही अठरा वर्षांचाच होतो, आणि त्या वयात मी उचललेली सर्वांत जड वस्तू बहुधा उसनी आणलेली गिटार असावी.

या भिंतीवर कॅमेरा थोडा अधिक वेळ थांबला आहे, तो जाणूनबुजून. दोन दगड एका मापाचे नाहीत. मोठ्या दगडाच्या पोटाखाली उरलेल्या फटीत तळहाताएवढी चीप बसवली आहे आणि तिच्या कडेवर टाचणीच्या नोकाने मारावेत तसे बारीक टवके आहेत. खाली बसण्याच्या फळीचे लाकूड मात्र नंतरचे आहे. ते बदलावेच लागते, कारण वर्षानुवर्षे त्यावर लोक बसतात त्याहून अधिक नाचतात.

आवाज चांगला का येतो, याचे उत्तर या वरून घेतलेल्या दृश्यात आहे. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सुमारे १०० फुटांची चढण आहे, त्यामुळे पुढच्याचे डोके मागच्याच्या कानाआड येत नाही. बाजूचे कातळ आवाजाला बाहेर सांडू देत नाहीत, आणि वर छत नसल्याने तो घुमत राहून गढूळ होत नाही. येथे सुमारे ९,५०० माणसे मावतात, तरी वरच्या रांगेतल्या माणसाला आपण दूर पडलो असे वाटत नाही.

१९६४ च्या ऑगस्टमध्ये बीटल्स येथे वाजवून गेले, तेव्हा काही रांगा रिकाम्या होत्या. १९७१ मध्ये जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या कार्यक्रमाला तिकिटाशिवाय आलेल्या जमावावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो आत बसलेल्यांच्याही डोळ्यांत गेला आणि पुढे काही वर्षे शहराने येथे रॉक संगीताला जवळजवळ बंदीच घातली. न्यायालयात जाऊन ती उठवावी लागली. ५ जून १९८३ रोजी भर पावसात, धुक्यात, यू टू या आयरिश बँडने येथे आपला कार्यक्रम चित्रित केला. कातळांवर पेटवलेल्या ज्वाळा आणि गायकाच्या तोंडातून निघणारी वाफ मी कित्येक वर्षांनी एका मित्राच्या टीव्हीवर पाहिली, आणि माझा बँड ऐकायचा तर याच ठिकाणी, हे तेव्हाच डोक्यात बसले.

दुपारी आम्ही बाहेरच्या रस्त्यावर होतो. पश्चिमेकडून ढग वर आला होता आणि लोक प्लॅस्टिकचे रेनकोट पिशव्यांतून काढून चाचपत होते. जूनमध्ये येथे गारा पडतात आणि आडोसा कुठेच नसतो. कुंपणापलीकडे साउंड चेक चालू होता. हे जे दृश्य दिसते आहे, त्यात नुसता कातळ आहे आणि मी पाठमोरा उभा आहे. ड्रमचे चार ठोके आले, थांबले, पुन्हा आले, आणि त्या चार ठोक्यांवरून गाणे कोणते, ते मला कळले. मूळ ध्वनी आम्ही येथे काढून टाकला आहे.

पाऊस आला नाही. साडेसहाला दरवाजे उघडले, कॅमेरा गाडीत ठेवला आणि मी चढू लागलो. कार्यक्रम अडीच तास झाला. या निवेदनात आवाज बसलेला वाटत असेल तर त्याचे कारण तेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता पुन्हा दरवाजे उघडे होते, कारण हे शहराच्या मालकीचे उद्यान आहे आणि दिवसा येथे यायला तिकीट लागत नाही. सफाई कामगार वरून खाली येत रांगारांगांतून कागदी पेले गोळा करत आहेत. व्यायामाला आलेली मंडळी दोन्ही पाय जुळवून एकेक फळी उड्या मारत चढत आहेत. निळा टी-शर्ट घातलेल्या या बाई पंचेचाळिसाव्या रांगेत थांबतात, कमरेवर हात ठेवून श्वास घेतात आणि पुढची उडी मारतात.