स्वस्तातली बेस गिटार निवडताना

श्रोतेहो, नमस्कार. पहिली बेस गिटार घ्यायला निघालेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: स्क्वायर घेऊ, आयबानीझ घेऊ की यामाहा? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. या किमतीत कधीकधी दोन कंपन्यांपेक्षा एकाच मॉडेलच्या दोन नगांत जास्त फरक निघतो. तेव्हा मॉडेल घरी ठरवा, नग मात्र हाताळूनच निवडा.

आधी मॉडेलचं बोलू. फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ची, जॅझ बेस १९६०ची. आज स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक बेस या दोघींच्याच लेकी. प्रिसिजनचा नेक, म्हणजे गिटारची लांब मान, नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी, साधारण ४१-४२ मिलिमीटर रुंद, जॅझचा ३८. आकड्यात फरक किरकोळ वाटतो, पण पहिल्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, अर्धा तास वाजवलं की मनगट सांगतं. प्रिसिजनचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग, दोन तुकड्यांचा असतो, त्यात विजेची भणभण आपोआप कटते. जॅझवर दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका वेटोळ्याचे पिकअप. दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे असले की शांत, एक बंद केला की भणभण सुरू. तो बिघाड नव्हे, जातच तशी आहे.

यामाहाच्या टीआरबीएक्स १७४ वर दोन्ही जातींचा एकेक पिकअप आहे आणि सर्किट पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीची भानगड नाही. आयबानीझच्या जीएसआर २०० मध्ये खालचे सूर फुगवणारं ॲक्टिव्ह सर्किट असतं, त्याला ९ व्होल्टची बॅटरी लागते. केबल खोचलेली असेपर्यंत ती संपत राहते. वाजवून झाल्यावर केबल उपसायची सवय नसेल, तर आवाज एक दिवस बारीक आणि फाटका येईल आणि तुम्ही पिकअपला दोष द्याल. नेहमीची स्केल, म्हणजे नटपासून बॉडीवर तारा अडकवतात त्या ब्रिजपर्यंतची लांबी, ३४ इंच. हात लहान असेल तर स्क्वायरची ब्रॉन्को ३० इंची आहे, तिची ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, जरा ढिली लागते.

आता दुकानात. ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र, नंतर. आधी नेक. तारा सुरात लावून घ्या. ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि नेक जिथे बॉडीला मिळतो तिथेही दाबा. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटवर, तारेखाली सुमारे ०.३ मिलिमीटर फट हवी. जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट जास्त म्हणजे नेक पुढे वाकलाय. अजिबात नाही म्हणजे मागे, आणि मग पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार खडखडते. दोन्ही दोष ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतली सळई फिरवून, सुधारतात, एका वेळी पाव फेराच. कोकणातल्या पावसाळ्यात आणि एसीच्या खोलीत हे माप बदलणारच, त्याला घाबरू नका.

घाबरायचं ते पिळलेल्या नेकला. ब्रिजकडून नटकडे एक डोळा मिटून बघा. ई तारेकडची कड एकीकडे आणि सगळ्यात बारीक जी तारेकडची दुसरीकडे झुकलेली दिसली, तर गिटार मुकाट्याने परत ठेवा. रॉड वाक काढतो, पीळ काढत नाही.

मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा: ई सुमारे अडीच मिलिमीटर, जी दोन. सॅडल, म्हणजे ब्रिजवरचे तारांचे टेकू, पार खाली नेऊनही तार उंचच राहत असेल, तर नेकचा कोन चुकलाय. बोल्ट सोडून खाली पातळ पट्टी घालावी लागते. तेवढं काम अंगावर घ्यायचं की नाही ते किमतीवर ठरवा. नट तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. पहिल्या फ्रेटवर केसभरच मोकळी दिसली पाहिजे. जास्त असेल तर पहिल्या काही फ्रेटवरचे सूर चढे लागतात. फक्त मोकळी, म्हणजे न दाबलेली, तार खडखडत असेल तर नटची खाच जास्त खोल गेलीय.

प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो. महागड्या बेसमध्येही हे आढळतं, त्यावरून नग नाकारू नका.

ॲम्प शेवटी. नॉब फिरवताना नुसती खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. सगळे पैसे मात्र गिटारवर संपवू नका, केबल, पट्टा, ट्यूनर आणि बेसचाच ॲम्प घ्यायचाय. घरात वीस-पंचवीस वॉट पुरतात, ड्रमरपुढे नाही. मोकळ्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झचा. गिटारच्या छोट्या ॲम्पवर तो जोरात वाजवला तर स्पीकरचा पडदा फाटू शकतो.