रात्रीचे बारा तास

...विषयाकडे वळतोच, पण आधी एक तक्रार नोंदवतो. प्राचीन इजिप्तच्या राजांच्या, म्हणजे फेरोंच्या, थडग्यांवर बोलणार म्हटलं की समोरचा विचारतो, "तुतनखामन ना?" तो सोन्याचा मुखवटा! अहो, चित्रांच्या हिशोबात त्याचं थडगं अगदी गरीब. दफनाच्या खोलीच्या भिंती तेवढ्या रंगवलेल्या. पोरगा विशीच्या आत गेला, घाईघाईत उरकलं. थाट बघायचा तर त्याच दरीत, राजांच्या दरीत, पहिल्या सेती राजाच्या थडग्याकडे जा. सुमारे 137 मीटर खोलवर गेलेलं, भिंती-छतं कोरून रंगवलेलं.

ते 1817 साली बेल्झोनीला सापडलं. हा गृहस्थ इटलीतल्या पदुआचा, साडेसहा फुटी, लंडनच्या रंगमंचावर दहाएक माणसं एकदम उचलून दाखवणारा. हसू नका, संशोधनाची पात्रता अजूनही काही ठिकाणी तीच आहे. त्याने कोरीवकामाचे मेणाचे ठसे घेतले आणि मेणाबरोबर रंगही निघून आला. सेतीची अलाबास्टरची, म्हणजे फिकट अर्धपारदर्शक दगडाची, शवपेटी ब्रिटिश म्युझियमला परवडेना. 1824 मध्ये सोन नावाच्या वास्तुविशारदाने ती 2000 पौंडांना घेतली आणि पुढच्या वर्षी घरी तीन रात्री दिव्यांच्या उजेडात पाहुण्यांना दाखवली. शवपेटीची पार्टी! आणि 1829 मध्ये शांपोलियों आला. चित्रलिपी उलगडणारा माणूस, त्याने काय करावं? भिंतीचा एक भाग कापून पॅरिसला नेला. ग्रंथालयात बसून वाचावं आणि उठताना पान फाडून न्यावं, तसं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं. मुद्दा असा, की ही चित्रं सजावट नाहीत. दार चिणल्यावर ती बघणार कोण? ते काम करायला ठेवलेलं साहित्य आहे. सूर्य मावळला की बारा तास पाताळातून नावेने जातो, राजा त्याच्याबरोबर. त्या प्रवासाचा ग्रंथ म्हणजे 'आमदुआत'. तिसऱ्या थुतमोस राजाच्या दफनकक्षात तो काड्यांसारख्या आकृत्यांत काढलाय, पपायरसची गुंडाळी भिंतीवर उलगडावी असा. सहाव्या तासाला सूर्य मृतांचा देव ओसिरिस याच्याशी एकरूप होतो, सातव्याला त्याचा शत्रू अपोफिस सर्प आडवा येतो, बाराव्याला नाव एका सापाच्या शेपटीकडून शिरून तोंडातून बाहेर पडते आणि सूर्य पुन्हा तरुण. तुतनखामनच्या पश्चिम भिंतीवर बारा बबून माकडं आहेत. लोक फोटो काढून पुढे जातात. तो फक्त पहिला तास! बाकीच्या अकरांना भिंतच पुरली नाही.

होरेमहेब राजाचं थडगं अर्धवट राहिलं, म्हणून तिथे लाल रेघांचा कच्चा आराखडा आणि त्यावर काळ्या रेघांनी केलेल्या दुरुस्त्या दिसतात. कुणी बघणारच नव्हतं, तर हात-पाय सुधारत बसायची गरज काय होती? माझ्या मते, चित्र चुकलं तर सूर्याची नाव अडकेल, ही खरी भीती होती. हे न पटणारे दोघे पहिल्याच रांगेत बसलेत. त्यांना चहाच्या वेळी भेटतो.