१०० वरून १२० : हायवेवर वेग नेमका कुठे घात करतो

नमस्कार. आज सुरुवात एका कोड्याने करू.

दोन गाड्या शेजारच्या लेनमधून चालल्या आहेत. एक १०० ने, दुसरी १२० ने. टायर सारखे, ब्रेक सारखे, रस्ता कोरडा. १२० वाली १०० वालीच्या बरोबरीला आली आणि नेमक्या त्याच क्षणी दोघांनाही पुढे रस्त्यात आडवा झालेला ट्रक दिसला. दोघांनीही तितक्याच चपळाईने कचकचून ब्रेक मारला. १०० वाली ट्रकपासून वीतभर अंतरावर थांबली. मग १२० वाली ट्रकवर आदळली तेव्हा तिचा वेग किती होता?

बहुतेक जण म्हणतात, २०. जरा सावध माणूस ३०-४० म्हणतो. उत्तर आहे ७७.

[पडद्यावर: दोन गाड्या, खाली मीटरची पट्टी]

हिशोब सोपा आहे. डोळ्यांनी पाहिलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात साधारण दीड सेकंद जातो. १०० ने जाणारी गाडी तेवढ्यात ४२ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी ५५ मीटर. एकूण ९७. आता १२० वालीचं बघा. तिचे पाय हलेपर्यंतच ५० मीटर संपले. तिला थांबायला पुढे ७९ मीटर हवेत आणि शिल्लक आहेत ४७. तेवढ्यात वेग १२० वरून ७७ पर्यंतच उतरतो. वेग दीडपटही झालेला नाही, फक्त २० टक्क्यांनी वाढलाय, पण गाडीतली ऊर्जा वाढली ४४ टक्क्यांनी, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ब्रेकचं काम ती ऊर्जा उष्णतेत घालवायचं. म्हणून सुरुवातीच्या मीटरांमध्ये काटा हळूहळू खाली येतो आणि अगदी शेवटच्या काही मीटरांत झपकन शून्यावर. ते शेवटचे मीटरच तुमच्याकडे नसतात.

आणि ७७ म्हणजे किती? भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांच्या आपल्याकडच्या धडक-चाचणीत, गाडी समोरून आदळवून पाहतात ती ६४ किलोमीटर वेगाने. पाच तारे मिळतात ते त्या ६४ साठी. ७७ ला त्याच्यापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त ऊर्जा गाडीच्या पत्र्याला आणि तुमच्या शरीराला झेलावी लागते. ताऱ्यांच्या भरवशावर १४० ने दामटणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे ऐकावं.

आता समोरची बाजू. "जर्मनीत तर वेगाला मर्यादाच नाही, तिकडे कुठे मरतात लोक?" हा प्रश्न चुकीचा नाही, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ऑटोबानच्या, म्हणजे तिथल्या एक्सप्रेसवेच्या, सुमारे ७० टक्के भागावर कायमची वेगमर्यादा नाही हे खरं आहे. गाड्यांनी कापलेल्या दर किलोमीटरमागे तिथे होणारे मृत्यू त्याच देशातल्या साध्या दुपदरी रस्त्यांपेक्षा कमी आहेत हेही खरं. कारण समोरून येणारं वाहन नाही, आडवा जाणारा माणूस नाही, सायकल नाही, ट्रॅक्टर नाही, आणि उजवीकडची-डावीकडची शिस्त काटेकोर. तरीही १९७८ पासून तिथे १३० हा शिफारस केलेला वेग आहे, आणि त्याच्या वर असताना अपघात झाला तर चूक समोरच्याची असली तरी नुकसानीचा काही वाटा वेगवान गाडीवाल्याच्या गळ्यात पडू शकतो.

म्हणजे वेगाचा धोका रस्त्यागणिक बदलतो. आपल्याकडेही तेच. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर १०० ने जाणं हे दुभाजकाला जागोजागी तोडलेल्या चौपदरी हायवेवर ८० ने जाण्यापेक्षा सुरक्षित असू शकतं. त्या तोडलेल्या दुभाजकातून धाब्यावरून निघालेली मोटारसायकल राँग साइडने येते. ती ३० ने, तुम्ही १००. एकमेकांकडे १३० ने येताय, आणि यातल्या एकाकडेच हेल्मेट असण्याची शक्यता आहे, तीही कमीच. 'गावाजवळून जाणारा चकाचक रस्ता' हा आमच्या मते महाराष्ट्रातला सगळ्यात फसवा रस्ता. डांबर एक्सप्रेसवेचं आणि वर्दळ बाजाराची.

एक आकडा नेहमी फेकला जातो, त्याबद्दलही बोलू. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ लोक गेले आणि त्यातले सुमारे ७१ टक्के अतिवेगामुळे, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. आम्ही या ७१ वर फार भार टाकत नाही. अपघाताची नोंद पोलीस करतात, आणि 'अतिवेग' हे लिहायला सगळ्यात सोपं कारण आहे. दिवे न लावता उभा असलेला ट्रक, बोर्ड नसलेलं वळण, उघडा काँक्रीटचा खांब, हे त्या रकान्यात बसत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर २०१६ मध्ये १५१ माणसं गेली होती. रस्ता सुरक्षेवर काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था आणि रस्ते विकास महामंडळाने तिथे खांबांपुढे, पुलांच्या कोपऱ्यांपुढे क्रॅश बॅरिअर लावले, कडेला थांबलेल्या वाहनांवर लक्ष ठेवलं, रुग्णवाहिका लवकर पोचेल असं पाहिलं. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. रस्ता माफ करणारा असला की चूक जिवावर बेतत नाही.

पण मग वेग निर्दोष सुटतो का? नाही. स्वीडनचे संशोधक नील्सन यांचा एक ठोकताळा जगभर वापरला जातो: रस्त्यावरचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेणे अपघात साधारण ४ टक्क्यांनी वाढतात. रस्ता चांगला असो की वाईट, त्या रस्त्यावरचा धोका वेगाबरोबर वर जातोच.

आता गाडी चालवताना याचं करायचं काय? आमचं म्हणणं एका प्रश्नात आहे: मला आत्ता जितकं पुढचं स्वच्छ दिसतंय, तेवढ्यात माझी गाडी थांबेल का?

रात्री हा प्रश्न विचारून बघा. लो बीमवर बहुतेक गाड्यांना पुढचं ५५-६० मीटर नीट दिसतं. तेवढ्यात थांबायचं तर वेग ७० च्या आसपास हवा. १०० ने जाताना ५५ मीटरवर काही दिसलं, तर त्यातले ४२ मीटर पाय हलेपर्यंतच संपले. धडक ८५ च्या वर बसते. आता डोळ्यांसमोर आणा, डिसेंबर-जानेवारीतला कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्टा. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वेग १५. ट्रॉली दिसते ती समोरच्या अंधाराहून जराशी गडद, बास. समोरून कुणी नसेल तर हाय बीम लावा, समोरची गाडी आली की डिपर मारून खाली करा, आणि लो बीमवर असताना काटा खाली आणा. एवढंच करायचं आहे, पण हेच होत नाही.

ट्रक किंवा ट्रॉलीच्या मागे आदळण्यात आणखी एक वाईट गोष्ट आहे. गाडीचा चुरा होऊन धक्का शोषणारा भाग असतो बंपर आणि बॉनेटच्या उंचीवर. ट्रकचा हौदा असतो काचेच्या उंचीवर. मागचा आडवा लोखंडी दांडा तुटका किंवा वर वाकवलेला असेल तर बॉनेट खाली घुसतं आणि हौदा थेट काचेतून आत येतो. एअरबॅग उघडूनही उपयोग होत नाही. म्हणून चढावर ४० ने चाललेल्या ट्रककडे लांबूनच लक्ष हवं. तुम्ही १२० ने असाल तर तो २०० मीटरवर दिसल्यापासून ९ सेकंदांत तुमच्या बंपरवर आलेला असतो. ८० ने असाल तर १८ सेकंद मिळतात. आरसा बघायला, इंडिकेटर द्यायला, लेन बदलायला १८ सेकंद भरपूर होतात. ९ मध्ये आरसा बघायचा राहून जातो.

टायरकडे वळू. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाले तेव्हा २०२३ मध्ये आरटीओने गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली, ते योग्यच होतं. शहरात ४० ने फिरणारा टायर आपलं दुखणं लपवतो. समृद्धीवर १२० ने, थांबा न घेता दोन तास चालला की ते बाहेर येतं. आणि इथे एक समज मनातून काढून टाका: उन्हाळ्यात हवा गरम होऊन फुगते, म्हणून २८ च भरा. हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि तापून आतले थर सुटतात. टायर फुटतो तो बहुधा कमी हवेने. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर भरलेल्या गाडीसाठी वेगळा, जास्तीचा आकडा लिहिलेला असतो. पाच माणसं आणि डिकी भरून निघताना तोच घ्या. हवा सकाळी टायर गार असताना भरायची. स्टेपनीतली पण बघा.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी सहा वर्षांपुढचा टायर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय लांबच्या प्रवासाला नेऊ नका. मापाच्या शेवटी एक अक्षर असतं, ते वेगाचं: एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. ही क्षमता योग्य हवा आणि योग्य वजन असलेल्या, न दुखावलेल्या टायरची. खड्ड्यात आपटून बाजूला फोड आलेल्या टायरची क्षमता कुठेच लिहिलेली नसते.

नक्षीची खोली १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा. पावसाळ्यात आम्ही ३ च्या खाली जाऊ नका म्हणू. साचलेलं पाणी खाचांतून बाहेर फेकलं गेलं नाही तर ८०-९० ला सुद्धा टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, चाकं वळवायची नाहीत. पाय अलगद ॲक्सिलरेटरवरून काढायचा आणि टायर रस्त्याला टेकेपर्यंत सरळ धरायचं. साध्या ओल्या रस्त्याचं गणित लक्षात ठेवायला सोपं आहे: पावसात ८० वरून थांबायला जितकं अंतर लागतं, जवळपास तितकंच कोरड्यात १०० वरून लागतं.

घाट उतरताना न्यूट्रल नको, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला गाडी धरू द्या. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक ऑइल तापतं. जुन्या ऑइलने हवेतली ओल शोषलेली असते, त्यामुळे ते लवकर उकळतं, नळ्यांत वाफ होते आणि पेडल भुसकन खाली जातं. ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

मागच्या सीटचा बेल्ट. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावले नव्हते आणि दोघेही गेले. मागे बेल्ट नसला की माणूस त्याच वेगाने पुढच्या सीटवर जाऊन आदळतो, पुढच्यालाही चिरडतो.

वेळ किती वाचतो तेही सांगून टाकू. ९४.५ किलोमीटरचा मुंबई-पुणे एक्सप्रेसवे अखंड १०० ने ५७ मिनिटांचा, अखंड १२० ने ४७ चा. घाट आणि टोल धरले तर ही १० मिनिटंही हाती लागत नाहीत. समृद्धीच्या ७०१ किलोमीटरवर १०० आणि १२० मध्ये ७० मिनिटांचा फरक पडतो, तो खरा आहे, आणि तिथे गाड्यांना १२० ची परवानगीही आहे. पण तिथला धोका डुलकीचा. १२० ने चार सेकंद डोळा लागला की १३३ मीटर गाडी आपली आपण चालते. दर दोन तासांनी थांबा, आणि रात्री दोन ते पाच हा वेळ शक्यतो टाळा.

आणि टायर फुटलाच तर: ब्रेकला हात नाही, म्हणजे पायही नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आणि सरळ. ॲक्सिलरेटर एकदम सोडू नका, हळूहळू सोडा. वेग ४०-५० पर्यंत आपोआप उतरू द्या, मग डावा इंडिकेटर देऊन कडेला घ्या, हॅझर्ड लावा. सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा. त्रिकोण गाडीपासून किमान १०० पावलं मागे ठेवा. ठेवायला जाताना रेलिंगच्या बाहेरून चाला. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, जखमी कुणी असेल तर १०८. स्टेपनी उजव्या बाजूला लावायची असेल तर मदत येईपर्यंत जॅक काढूच नका.